कालित्सानं पळवलेलं नाव

बशीत ठेवलेला फोन थरथरला आणि बशी मेजावर किणकिणत जराशी सरकली. दुपारचं घर इतकं गप्प होतं की कुणीही दचकलं असतं. एर्निया दचकली नाही. हातातलं ओलं फडकं तिनं पिळलं, तारेवर टाकलं, बोटं पुसली आणि मग येऊन पाहिलं. बाल्टिमोरहून नीकितासचा निरोप होता. नीकितास तिचा मामेभाऊ. मामा तरुणपणी कार्पाथोस हे ग्रीक बेट सोडून अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला, आणि आता त्याच्या मुलाला चाळिशीत मुळं शोधायची हौस आली होती. तिकडच्या कार्पाथोसवाल्यांच्या सभागृहात घराण्यांचे वृक्ष रंगवून लावणार होते म्हणे. सगळ्या फांद्या हव्यात, एकही पान सुटता कामा नये, असं त्यानं लिहिलं होतं. तू तर नोंदणीच्या कचेरीतच बसतेस, तुझ्या डाव्या हातचा मळ. खाली आणखी एक ओळ होती. बाळंतपणाच्या रजेवर आहेस असं कळलं, तुला आणि नव्या पाहुणीला आशीर्वाद.

म्हणजे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तिनं लिहिलं, "पाठवते." आणि फोन पुन्हा बशीत ठेवला.

रजा खरीच होती. नोव्हेंबरात रोडोस बेटावरच्या मोठ्या इस्पितळात मुलगी झाली, दोन दिवस जगली आणि गेली. हृदयातलंच काहीतरी अर्धवट राहिलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती, डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. एर्नियाला तेव्हा ऑपरेशननंतरचा ताप चढला होता. ती पुरती जागी झाली तेव्हा मिनास, तिचा नवरा, शेजारच्या खुर्चीत बसलेला होता आणि त्याच्या बुटांना ओली माती लागलेली होती. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी दूध उतरलं. शरीराला कुणी काही कळवलं नव्हतं, त्याचाही नीकितासच झालेला. पुढे कचेरीतून पत्र आलं की रजा नियमाप्रमाणे पूर्ण घ्यावी, मुदतीत बदल नाही.

ती बेटावर परतली तेव्हा घरात पाळणा नव्हता. सासूनं, थेमेलीनानं, तो आधीच उचलून स्वतःच्या घरी नेऊन ठेवला होता आणि त्या जागी कुंडी मांडली होती. कुंडीतलं रोप एर्नियानं अजून नीट पाहिलं नव्हतं. पाच वर्षांच्या लित्साला कुणीतरी सांगून टाकलं होतं की बाळ परत गेलं. कुठे, हे लित्सानं विचारलं नव्हतं. तेव्हापासून सगळे एर्नियाला कशी आहेस म्हणून विचारत आणि ती ठीक आहे म्हणे. आणि ती ठीकच होती. लित्साच्या वेण्या घाली, मसूर शिजवी, मिनास बोटीवरून आला की त्याचे कपडे भिजत टाकी. फक्त कधी कधी कॉफी उतू जाताना ती शेगडीपाशीच उभी असायची आणि फेस वर येताना, कडेवरून खाली येताना, विस्तवावर करपताना बघत राहायची. हात पुढे करायचा हे लक्षात यायचं ते सगळं झाल्यावर.

एकदाच, डिसेंबरात, तिनं सासूपाशी विषय काढला होता. तिचं नाव काय धरायचं?

कार्पाथोसला नावं कुणी आवडीनं ठेवत नाही, ती आधीच ठरलेली असतात. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, आणि आईचं घरही पुढे तिचंच. दुसरी मुलगी बापाच्या आईच्या नावाची. त्यामुळे लित्सा ही कागदोपत्री कालित्सा होती, एर्नियाच्या आईच्या नावाची. आणि नोव्हेंबरात आलेली थेमेलीना व्हायची होती. पण नाव मिळतं ते बाप्तिस्म्याला. तोवर मूल नुसतं 'बाळ'.

थेमेलीना तेव्हा भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, "माझं नाव मातीत घालू नकोस गं. मी अजून मातीच्या वर चालतेय."

मग दृष्ट लागू नये म्हणून स्वतःच्या छातीकडे तोंड करून तीनदा थू थू केलं. मांजर आडवं गेलं तरी ती तसंच करी, कुणी तिच्या तब्येतीचं कौतुक केलं तरी. पुढे म्हणाली की देव दुसरी देईल, तिला ठेवू माझं नाव, आता याचा विचार करू नये. एर्नियानं केला नाही. विचार असा ती कसलाच करत नव्हती. पण कॅलेंडरात एक दिवस मात्र तिला दिसत राहिला, बाकीचे सगळे पुसट. कार्निव्हलच्या आठवड्यात येणारा मृतांचा शनिवार. त्या दिवशी घरोघरच्या बायका उकडलेल्या गव्हाचं ताट आणि आपल्या घरच्या गेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी देवळात देतात आणि पापा, म्हणजे गावचा पाद्री, सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतो. ज्याला नाव नाही त्याला कुणी वाचत नाही. दरवर्षी ती चिठ्ठी तिनं किराण्याच्या यादीसारखी खरडली होती. या वर्षी तिला ती लिहायची होती आणि लिहायला एक नाव कमी होतं.

नीकितासचं काम म्हणूनच तिनं अंगावर घेतलं. हाताला काम बरं. लित्सा बालवाडीत गेली की ती कचेरीत जाऊन आपल्याच मेजाशी बसायची. तिच्या जागेवर बसलेला सहकारी लगबगीनं उठायचा, कॉफी आणतो म्हणून जायचा आणि बराच वेळ यायचा नाही. हल्ली गावात बरेच लोक तिला पाहून कॉफी आणायला जात.

आईच्या माहेरचं पान उघडलं. आजोबा पावलिस, आजी एर्निया, जिचं नाव तिला मिळालं होतं. लग्न १९५१. मुलगी कालित्सा, १९५६. मुलगा, नीकितासचा बाप, १९५९. आता यातलं कुणीही उरलं नव्हतं, आईला जाऊनही तीन वर्षं झाली होती. तिनं नावं टाईप केली आणि आईच्या नावावर हात थांबला. थांबायचं काही कारण नव्हतं. ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती.

आई पहिली मुलगी, घर तिलाच मिळालं. नियमानं तिचं नाव आजीच्या आईचं, सेवास्ती, असायला हवं होतं. पण आजोबांची आई कालित्सा म्हणजे जहांबाज बाई. बाप्तिस्म्याच्या वेळी पापानं विचारलं, मुलीचं नाव काय, आणि धर्ममाता 'से...' म्हणते न म्हणते तोच म्हातारीनं मागून 'कालित्सा' म्हणून हाळी दिली. पापानं तेच नाव कुंडात बुडवून बाहेर काढलं. अशी सुनेच्या आईची हक्काची जागा तिनं भरदिवसा पळवली. अजूनही बेकरीत कुणी रांगेत घुसलं की मागून आवाज येतो, "आली बघा म्हातारी कालित्सा." एर्नियाच्या आईला शाळेत 'चोरीचं नाव' म्हणून चिडवत. आजीपुढे हा विषय निघाला की ती हसायची नाही, रागवायचीही नाही. उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची, मग कोंबड्यांनी आत्ताच खाल्लेलं का असेना.

१९५१, १९५६. एर्नियानं दुसऱ्या खिडकीत स्वतःच्या संसाराचं पान उघडलं. मिनास, एर्निया, कालित्सा. त्याखाली एक ओळ: मुलगी, नाव नाही. ती ओळ तिनं याआधी पाहिली नव्हती, रोडोसहून आपोआप येऊन पडली होती. तिनं दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली.

नाव कुणी पळवलंच नसेल तर? नावं ओळीनंच दिली असतील तर? मग कालित्सा हे दुसऱ्या मुलीचं नाव. आणि दुसरी असेल, तर पहिली असणारच. तिचं नाव शोधायचीसुद्धा गरज नव्हती, ते ठरलेलंच होतं.

तिला काही वाटलं नाही. बोटं गार पडली होती म्हणून तिनं ती काखेत धरली. मग उठून जुनी जन्माची पुस्तकं काढली, मृत्यूची काढली, मधली सगळी वर्षं पाहिली. सेवास्ती नावाचं मूल कशातच नव्हतं.

पापा-लेफ्तेरिस झगा फांदीला अडकवून घरामागे लिंबाला कलम बांधत होता. त्यानं चिखलाच्या हातानंच देवळाची किल्ली दिली आणि बाप्तिस्म्याची वही कुठल्या फळीवर आहे ते सांगितलं. वहीतही नव्हतं. ती किल्ली परत द्यायला आली तेव्हा तो म्हणाला की नसणारच, कुंडापर्यंत पोचले तेवढेच वहीत. मूल जायला लागलं आणि पापा हाकेच्या अंतरावर नसला, तर जवळ असेल त्या माणसानं ते तीनदा हवेत उचलायचं आणि नाव उच्चारायचं, झाला बाप्तिस्मा. हवेतला. आता हवेतलं कोण लिहून ठेवणार? पूर्वी डोंगरापलीकडच्या पेरणीच्या वस्त्यांवर अशी कितीतरी झाली.

"आणि कुणी उचललंच नाही तर?" एर्नियानं विचारलं.

पापानं दोरीची गाठ मारली, ती सुटली, परत मारली. कुणाबद्दल चाललंय हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

"माझ्यापुढे चिठ्ठी येते, पोरी. मी वाचतो. याला कुणी बुडवलं, त्याला कुणी उचललं, असं एकेकाला रांगेत उभं करून विचारत बसलो तर तुमचे गहू आंबतील." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण नाव लागतं. नुसतं 'बाळ' कसं वाचू? गावात बाळं काय थोडी आहेत?"

पेरणीच्या वस्तीवर तेव्हा कोण कोण होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आजोबांची धाकटी बहीण मारूक्ला. नव्वदीला आलेली मारूक्ला, सगळ्यांची थिया म्हणजे आत्या, दिवसभर टीव्हीपुढे बसून बातम्या देणाऱ्यांशी भांडत असे. एर्निया गेली तेव्हा पडद्यावर कुठल्याशा शहरातला कार्निव्हल चालला होता आणि थिया नाचणाऱ्या बायांना स्वेटर घाला म्हणून सांगत होती.

"थिया, सेवास्ती कोण होती?"

"कोण म्हणजे? तुझी पणजी. माझ्या आईला जन्मभर शिव्या देणारी."

"ती नाही. तिच्या नावाची. माझ्या आईच्या आधीची."

थियानं रिमोट उचलला आणि आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवला. पलीकडच्या घराची खिडकी उघडी होती.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरनं सांगितलं?"

"कुठेच लिहिलेलं नाही. नावांच्या ओळीवरून कळलं."

"म्हणजे सत्तर वर्षं या गावाला दोनापर्यंतसुद्धा मोजता आलं नाही," थिया म्हणाली आणि ढोलांच्या गदारोळात सांगायला लागली.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात ते सगळे वस्तीवर होते, डोंगरापलीकडे. थिया तेव्हा परकरी पोर. वारा असा सुटलेला की दार दगड लावून बंद केलेलं. एर्नियाच्या आजीचे दिवस भरायला अवकाश होता, तरी पोटात कळा आल्या. मुलगी झाली. एका हाताच्या पंजावर मावेल एवढी. आठवडाभर तिला लोकरीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. मग एका सकाळी तिचा रंग बदलला. आजोबा पापाला आणायला निघाले, पण खिंड ओलांडून माणूस परत येईपर्यंत काय राहणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा थियाच्या आईनं, म्हणजे त्या जहांबाज कालित्सानंच, मुलीला उचललं. छत इतकं बुटकं की तिच्या बोटांची सालं तुळईला घासून निघाली. थियानं दिवा धरला होता. सून अंथरुणातून बघत होती. म्हातारीला त्या क्षणी कुठलंही नाव घेता आलं असतं, स्वतःचंसुद्धा. तिनं घेतलं सेवास्ती. तीनदा. पहिली आहे, म्हणाली, हिच्या आजीचं नाव हिला.

"वस्तीवरच्या लहानशा देवळाच्या भिंतीशी मातीत ठेवली. आता तिथून रस्ता गेलाय. ईस्टरला गावात उतरलो तेव्हा सांगितलं, टिकलं नाही. टिकलं नाही म्हणजे पोटातच गेलं असं लोक समजले, समजू दिलं."

मग चार वर्षांनी एर्नियाची आई झाली. सगळ्या गावानं धरलेलं, ही सेवास्ती. काही घरांत गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला देतात, तसं करायलाही हरकत नव्हती. पण आजी ऐकेना. ते तिला दिलंय, म्हणायची, दिलेलं काढून घेऊ नये. आणि दुसरं नाव ठेवावं तर गाव विचारणार, का? मग ते देऊळ, तो आठवडा, ते सगळं चव्हाट्यावर. आजीनं खाणं सोडलं, दूध आटायला लागलं.

"तेव्हा माझी आई तिला म्हणाली, 'माझं ठेव. मी हिसकावलं म्हणून सांगते. लोकांना शिव्या घालायला माणूस मिळालं ना, की ते प्रश्न विचारत नाहीत.'"

थियानं पडद्याकडे पाहिलं.

"तुझी पणजी मरेपर्यंत आमच्या दारावरून थुंकून जायची. आईनं कधी हूं की चूं केलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या अंत्ययात्रेत एक जण म्हणाली, घ्या, इथेही रांग मोडून पुढे गेली. लोक हसले. मीही हसले. काय करणार, त्या बाईनं म्हटलं होतं छान."

एर्नियानं विचारलं, आजी मृतांच्या शनिवारी तिचं नाव देत असे का.

"कशी देईल? तुझी पणजी तेव्हा टुणटुणीत जिवंत. जिवंत बाईचं नाव मेलेल्यांत वाचलं तर अर्धं गाव काळे कपडे शोधायला पळेल आणि ती बाई त्या धक्क्यानंच जाईल. पुढे पणजी गेली. मग दरवर्षी वाचायचेच, सेवास्ती. एकदा. दोघींना मिळून एकदा."

निघताना थियानं तिच्या हातात चार अक्रोड ठेवले आणि ते तिच्या मुठीत दाबताना मूठ थोडा वेळ धरून ठेवली. स्वतःच्या बाळाबद्दल ती काही बोलेल असं एर्नियाला वाटलं होतं. थिया म्हणाली, "आवाज कमी करून जा."

नीकितासला वृक्ष पाठवताना एर्नियानं आईच्या आधी एक पान काढलं: सेवास्ती, १९५२, एक आठवडा. त्याचं उत्तर लगेच आलं, हे कुठे सापडलं म्हणून, पुढे टाळ्या वाजवणारे हात. तिनं फोन बशीत पालथा घातला.

शुक्रवारी दुपारी थेमेलीना गहू घेऊन आली. उकडलेले गहू चादरीवर पसरायचे, कोरडे करायचे, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, भाजलेले बदाम मिसळायचे, वर साखर दाबायची, हे काम दोघी दरवर्षी मिळून करत आणि करताना साखरेच्या जाडीवरून वाद घालत. या वर्षी वाद झाला नाही. गहू वाफाळत होते. एर्निया मेजाशी बसून चिठ्ठी लिहीत होती आणि थेमेलीना तिच्या खांद्यावरून वाचत होती. तिला सगळ्यांच्या खांद्यावरून वाचायची सवय होती.

"कालित्सा दोनदा? आणि सेवास्तीही दोनदा. शाई फुकट मिळते का?"

एर्नियानं सांगितलं. सगळं, ओळीनं, कचेरीतला उतारा वाचून दाखवावा तसं. आवाज कुठे चढला नाही, कुठे अडकला नाही. म्हातारी कालित्सा काय म्हणाली ते सांगितलं, अंत्ययात्रेत ती बाई काय म्हणाली तेही. थेमेलीना गव्हातून हात फिरवत राहिली. ती लग्न होऊन कालिम्नोसहून इथे आली होती, पण बेकरीच्या रांगेतली ती म्हण तिनं पहिल्याच वर्षी उचलली होती आणि तिच्याइतक्या झोकात ती कुणी टाकत नसे.

"मी तर परवासुद्धा..." ती म्हणाली आणि पसरलेले गहू पुन्हा पसरायला लागली.

एर्नियानं पेनाचं टोपण लावलं. "अजून एक ओळ मोकळी आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे घालायला नाव नाही."

हे ती रागानं बोलली नव्हती. मीठ संपलंय असं सांगावं तसं बोलली होती. थेमेलीनानं गव्हावर पांढरं फडकं टाकलं, त्याची टोकं नीट ओढली, मग पुन्हा ओढली. उद्या लवकर या, मेणबत्त्या मी आणते, एवढं म्हणून ती गेली.

शनिवारी लित्सानं लेडीबगचे पंख उतरवायला नकार दिला. देवळानंतर बालवाडीत कार्निव्हल होता आणि पंख एकदा काढले की परत नीट लागत नाहीत, हा तिचा मुद्दा होता. मिनास म्हणाला, देवाला चालेल. तो दाढी करून आला होता आणि गालावर कापून घेतलं होतं. एर्नियाच्या एका हातात ताट, दुसऱ्या हातात चिठ्ठी आणि पंखवाली मुलगी. दारातच थेमेलीना उभी होती, डोक्याला काळा रुमाल, चष्मा नाकावर.

"चिठ्ठी दे इकडे. तुझे हात गुंतलेत."

ती मेणबत्त्यांच्या मेजापाशी गेली आणि पाठमोरी थोडा वेळ वाकून उभी राहिली. मेणबत्ती लावत असेल. मग आत जाऊन चिठ्ठी देऊन आली, एर्नियाच्या हातात पेटती मेणबत्ती दिली आणि बायकांच्या बाजूला, एर्नियापासून दोन खुर्च्या सोडून, उभी राहिली.

पापा-लेफ्तेरिस नावं वाचायला लागला. तो श्वास न घेता वाचतो, ओहोळात खडे टाकत जावे तसा, आणि बायका आपापल्या खड्यापाशी क्रूस करतात. धूप दाटला. लित्सा पंख चुरगळू नयेत म्हणून ताठ उभी होती आणि मागच्या बायका तिला बघून हसू दाबत होत्या. ताटांच्या रांगेत मेणबत्त्या वितळत होत्या. कुणाकुणाची आजोबा-पणजोबांची नावं गेली, बुडालेल्या खलाशांची गेली, अमेरिकेत मेलेल्यांची गेली. मग एर्नियाला आपली चिठ्ठी ओळखू आली.

"एर्निया, पावलिस, कालित्सा, कालित्सा, सेवास्ती, सेवास्ती," पापा म्हणाला. आणि पुढे, एक श्वास घेऊन, "थेमेलीना."

गावाला थेमेलीना एकच ठाऊक होती. शंभर माना वळल्या. कुणीतरी घाईघाईनं क्रूस केला, कुणीतरी कुजबुजलं की अगं, ही तर उभी आहे, आणि एक म्हातारी खरंच बोट लावून बघायला पुढे झाली. पापानं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि दुसरी चिठ्ठी उचलली.

"माझीच चूक," थेमेलीना सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "जिवंतांच्या चिठ्ठीत द्यायचं नाव मेलेल्यांच्या चिठ्ठीत गेलं. डोळे गेले माझे, दुसरं काय."

हशा पिकला. आता शंभर वर्षं जगशील, एक म्हणाली. स्वतःलाच पुरलंस की गं, दुसरी म्हणाली, पेढीवर तरी सही नीट करतेस ना? थेमेलीना सगळ्यांबरोबर हसली. छातीवर थुंकली मात्र नाही. समोरच्या खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती आणि तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. एर्निया त्या बोटांकडे बघत राहिली. ती चिठ्ठी जिवंतांची नव्हती. ती एर्नियानं आपल्या हातानं लिहिली होती आणि तिच्यावर एक ओळ मोकळी सोडली होती.

पुरुषांच्या बाजूला मिनासनं मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलत होते. तोही हसतोय असं लांबून कुणालाही वाटलं असतं.

तळहातावर मेण ओघळून आलं होतं. कधीपासून कोण जाणे. पोळतंय, हे एर्नियाला आत्ता कळलं, आणि तिनं हात मागे घेतला नाही.

लित्सानं तिचा कोट ओढला. ओढताना एक पंख वाकडा झाला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आधी आजीकडे, तिच्या यायाकडे, बघत होती, मग पापाकडे, मग पुन्हा आजीकडे.

"आई, याया तर इथेच आहे."

"हो."

"मग पापानं कुठल्या थेमेलीनाचं नाव घेतलं?"